नाकातलं शिसं

कवळीवाल्याला सगळी गल्ली कवळीवालाच म्हणायची, आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. दातांच्या डॉक्टरांकडून साचे यायचे, ह्याच्या हातून कवळ्या होऊन जायच्या. एखादी म्हातारी नवी कवळी बसवून आरशात बघायची आणि आपले दात कधी पडलेच नव्हते असं समजून घरी जायची. दातांच्या पांढऱ्या रंगात किती छटा असतात हे मात्र त्याला चुकूनही विचारू नये. विचारलंत तर तुमची दुपार गेलीच म्हणून समजा.

संध्याकाळ झाली की त्याच टेबलावर, त्याच दिव्याखाली, त्याच कोरण्या घेऊन हा गृहस्थ विमानं करायला बसायचा. तीही कुठली, तर महायुद्धातली जर्मन लढाऊ विमानं, आणि त्यातलीसुद्धा मोजकीच बनलेली, कुणी फारशी न पाहिलेली. आकार खऱ्याच्या अठ्ठेचाळीसाव्या हिश्शाएवढा, आणि मापात तडजोड नाही. पंख केसभर जाड झाला तरी तो मोडून नवा करायचा. शेजारच्या मास्तरीणबाईंनी एकदा नाक मुरडून विचारलं, की त्या दुष्टांचीच विमानं कशाला हो? तर म्हणाला, चालवणाऱ्यांचं मला काडीचं कौतुक नाही, शेपटीवरचं ते नाझी चिन्ह मी कधी काढतच नाही. पण हरायला लागल्यावर त्यांच्या इंजिनिअरांनी घायकुतीला येऊन जे एकेक अचाट प्रकार जुळवले, ते स्वतःच्या हातानं केल्याशिवाय कळत नाहीत. बाईंना किती पटलं देव जाणे.

आता खरी गोष्ट अशी, की हा छंद त्याचा एकट्याचा नव्हताच. बायकोचा धाकटा भाऊ, ज्याचं चौकात चष्म्याचं दुकान होतं, तो ह्यात बरोबरीचा भागीदार. कोरणं आणि रंग कवळीवाल्याचा. चाकं, तोल आणि वजन मेहुण्याचं. वजनाचं असं असतं, की ज्या विमानाला नाकाखाली चाक असतं त्याचं नाक पोकळ ठेवून चालत नाही. आत शिशाचे छर्रे भरावे लागतात, नाहीतर मागची बाजू जड होऊन विमान शेपटीवर बसतं. शेपटीखाली चाक असलेल्या विमानाला ही कटकट नाही. मेहुणा छर्रे मोजून-मापून भरायचा, आणि कवळीवाला तिकडे ढुंकूनही बघायचा नाही.

आणि मग दोघांचं बिनसलं. कशावरून? हिरव्या रंगावरून. युद्धाच्या शेवटी-शेवटी विमानांना जो हिरवा लावत तो तपकिरीकडे झुकलेला होता, असं कवळीवाल्याचं म्हणणं. मेहुणा म्हणे, छे, चांगला गवतासारखा हिरवा. आणि हा वाद दोघं घालत होते एका काळ्या-पांढऱ्या फोटोसमोर बसून! वाद वाढत वाढत गेला आणि शेवटी मेहुणा बोलून गेला, "भावजी, एकदा डोळे तपासून घ्या. माझ्याच दुकानात या."

ज्या माणसाची भाकरी रंगांच्या छटांवर चालते त्याला असं म्हणायचं म्हणजे झालंच की. कवळीवाल्यानं ब्रश खाली ठेवला आणि दाराकडे बोट दाखवलं. मेहुणा चहा तसाच टाकून निघून गेला. त्यानंतर चार वर्षं दोघांचा अबोला. मधल्यामध्ये बायकोचं सँडविच झालं. भावाच्या घरी जाऊन नवऱ्याची खुशाली सांगायची, नवऱ्यासमोर भावाचं नाव काढायचं नाही, आणि दोघंही तिलाच विचारणार, "सध्या काय चाललंय तिकडे?"

ह्या वर्षी एक बातमी आली. मेहुणा दुकान बंद करून लांबच्या शहरात मुलाकडे कायमचा राहायला चालला होता. दरवर्षी भरणारं छोट्या विमानांचं प्रदर्शन झालं की दुसऱ्याच दिवशी गाडी. बायकोनं त्या दिवशी नवऱ्याला सरळ तोंडावर सांगितलं, "प्रदर्शनाला तो येईल. काय बोलायचं ते तिथे बोला. नाहीतर मग बसा भिंतीशी भांडत."

बोलायचं होतं हो त्याला. मनापासून होतं. चार वर्षं संध्याकाळी समोरची खुर्ची रिकामी बघून जीव कासावीस व्हायचा. पण चुकलो हा शब्द त्याच्या तोंडून काढायचा म्हणजे रुतलेली अक्कलदाढ उपटण्याइतकं अवघड. म्हणून त्यानं वेगळीच वाट काढली. दोघांनी मिळून करायचं म्हणून जपून ठेवलेले डॉर्नियर ३३५ चे नकाशे त्यानं माळ्यावरून काढले. भलतंच विमान! एक इंजिन नाकात, एक पोटामागे, एक पंखा पुढे आणि एक शेपटीच्या टोकाला. वैमानिकाला उडी मारायची तर आधी मागचा पंखा उडवून द्यायचा, नाहीतर त्याची कोशिंबीर. कवळीवाला महिनाभर त्याच्यात बुडून गेला. आणि रंग द्यायची वेळ आली तेव्हा त्यानं हिरवा कालवला तो गवतासारखा, मेहुण्याचा. बायको दारात उभी राहून बघत होती. त्या संध्याकाळी चहा दोनदा झाला.

चाकं अगदी शेवटी चिकटवली. ती वाळावीत म्हणून विमान उलटं ठेवलं, आणि तसंच खोक्यात घालून प्रदर्शनाच्या हॉलमध्ये नेलं. टेबलावर आपल्या जागी त्यानं ते अलगद सरळ उभं केलं आणि हात काढला. विमानानं नाक वर केलं आणि शेपटीवर बैठक मारली.

त्यानं नाक दाबून खाली आणलं. सोडलं, की पुन्हा वर. पलीकडच्या टेबलावरचे दोघे खुदकन हसले. एवढं माप, एवढं कोरीवकाम, आणि नवशिक्यानंही करू नये अशी चूक! कवळीवाल्याचे कान तापले. वजन कसं विसरलो, वजन कसं विसरलो, असं घोकता घोकता त्याच्या एकदम लक्षात आलं. विसरला कुठे होता? नाकात छर्रे भरायचं काम त्यानं कधी केलंच नव्हतं. आणि हे एक सोडलं तर गेल्या चार वर्षांत त्यानं जेवढी विमानं केली ती झाडून सगळी शेपटीखाली चाक असलेली. तशीच का निवडली, हे त्यानं स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं.

"भावजी," मागून आवाज आला, "नाकात काही घातलं नाहीत?"

मेहुणा उभा होता, आणि त्याच्या मागे पदराशी चाळा करत बायको. कवळीवाल्यानं महिनाभर पाठ केलेलं सगळं बाजूला राहिलं. "वजन घालायचं काम तुझं होतं," तो म्हणाला.

मेहुण्यानं खिशातून चष्म्याची डबी काढून टेबलावर उघडली. आत शिशाचे छर्रे होते.

"कुठलं विमान करताय ते ताईनं सांगितलं तेव्हाच मी ओळखलं, की तुम्ही हे विसरणार. महिनाभर फोन उचलतोय आणि ठेवतोय."

"मग करायचास ना."

"तुम्ही म्हणाला असतात, मला शिकवू नकोस."

म्हणालाच असता, ह्यात शंका नाही. पुढचा पंखा नुसता खोचलेला होता, तो कवळीवाल्यानं उपसून काढला. मेहुण्यानं पोकळीत एकेक छर्रा सोडला, आणि ह्यानं खिशातलं कवळीचं गुलाबी मेण बोटानं मऊ करून वरून दाबलं. पंखा जागेवर गेला. विमान हळूच पुढे झुकलं आणि तीन चाकांवर उभं राहिलं. प्रदर्शनाचे परीक्षक मघाशीच शेपटीवर बसलेलं विमान बघून हसत पुढे गेले होते. बक्षिसाचं नाव कुणी काढलंही नाही.

मेहुणा वाकून रंग बघत होता. बराच वेळ बघितल्यावर त्यानं चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "हा तर माझा हिरवा," तो म्हणाला. मग जरा घुटमळून, "पण खरं सांगू का भावजी? थोडा जास्तच हिरवा वाटतोय."

"अजिबात नाही. बरोबर आहे."

बायकोनं कपाळावर हात मारला, आणि चार वर्षांत पहिल्यांदा तिला दोघांच्या भांडणाचं हसू आलं. पुन्हा कुठे जुंपायला नको म्हणून तिनं विषय बदलला. आता पुढचं कुठलं विमान, तिनं विचारलं.

"नाकाखाली चाक असलेलं," कवळीवाला म्हणाला. "यापुढे तसलीच करणार." मग मेहुण्याकडे न बघता, डबीचं झाकण लावत त्यानं विचारलं, "शिसं पाठवशील ना तिकडून?"

"पाठवतोय कशाला," मेहुणा म्हणाला. "घेऊन येईन की."