बँडसाठी बांधलेलं तळं

साक्रीकडच्या डोंगरात एक तळं आहे. सव्विसाव्या वर्षी मी ते भल्या सकाळी पाहिलं आणि एसटी धुळ्याला पोचेपर्यंत ठरवून टाकलं, की या शांततेची धून बँडसाठी बांधायची. मी शाळेत पेटी शिकवायची. बँडमधलं एकही वाद्य कधी तोंडाला लावलेलं नव्हतं. गर्व मात्र अख्ख्या पथकाला पुरून उरेल एवढा.

शाळेच्या संमेलनाला लग्नात वाजवणारं पथक यायचं होतं. त्यांच्या मास्तरांना मी धून लिहिलेली वही दिली. सूर सगळे लांबच लांब, कारण पाणी हलत नव्हतं ना! पेटीवर काय, भाता हलवत राहिलं की सूर चालूच. मास्तरांनी क्लॅरिनेट लावलं, तिसऱ्या ओळीत लालबुंद होऊन थांबले.

"अक्का, हाई बठ्ठं एकच दममा वाजाडनं शे का?"

"तळं मध्येच थांबतं का, भाऊ?"

काय तो तोरा! संमेलनात नेहमीचं नाचाचं गाणं वाजलं. वही ट्रंकेत गेली.

आता जळगावला लेकीकडे असते. जिना चढताना मध्येच पायरीवर बसावं लागतं. या पावसाळ्यात तिथंच बसल्या बसल्या वाटलं, आपली धून एकदा शेवटपर्यंत ऐकून घ्यावी. नंतर होईल न होईल. लग्नसराई नव्हती, पथक अजून चालवणारे तेच मास्तर मोकळे होते. लेकीनं मला आणि ट्रंकेतल्या वहीला गाडीतून धुळ्याला नेलं.

मास्तरांनी दोन क्लॅरिनेटवाले शेजारी बसवले. एक श्वास घेई तेव्हा दुसरा सूर धरी. पाणी कुठंच मोडलं नाही.

"हे तेव्हाच का नाही सुचवलं, भाऊ?"

"तुम्ही बोलू देत व्हतात का, अक्का?"

धून पूर्ण ऐकली. खरं सांगते, मध्ये मला पेंग आली. ऐकणाऱ्याला घरीही जायचं असतं, हे त्या सव्विशीतल्या शहाणीला कसं सुचलं नाही!

"मधलं अर्धं काढून टाका."

"तळं आटाडी टाकतस का, अक्का?"

"आटू दे. माझी कंबर गेली."

पेन्सिल मागून घेतली. एक पान आडवं खोडलं. दुसऱ्यावर हात थांबला. तिथले चार सूर खरंच बरे होते. कुणी बांधले कोण जाणे.

"एवढे पुन्हा वाजवा," म्हटलं, आणि भिंतीला पाठ टेकली.