तिच्या हातच्या खाचा

सत्तरच्या दशकात सोलापुरात आमच्या घरी लाउडस्पीकरचे अँप्लिफायर बनत. जोडणी नवरा आणि धाकटे दीर करायचे. सर्किटच्या बोर्डांना खाचा पाडायचं काम आम्हा दोघी जावांकडं. ड्रिलनं पडतं ते भोक गोल, आणि ट्रान्सफॉर्मरचे पाय चपटे. म्हणून एकाला लागून एक अशी भोकं पाडायची आणि बारीक कानशीनं घासून त्यांची एक खाच करायची. बोर्डाच्या एका अंगाला तांब्याचा पातळ थर असतो, कानस त्या बाजूनं आत ढकलायची. उलटी ओढली की तांबं उचकटायचं, बोर्ड वाया.

हे काम घरात आधी मीच करत होते. धाकटी लग्न होऊन आली आणि बघता बघता तिच्या खाचा माझ्यापेक्षा सरळ निघायला लागल्या. मी जळायचे, सरळ सांगते. त्यात आमच्याकडं थोरला दीर धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलत नसे. ती हाताच्या अंतरावर बसलेली, तरी नवरा बोर्ड उजेडाला धरून मला म्हणायचा, "तिला सांग, झाक झालंय." मग मी तिच्याकडं वळून, "झाक झालंय म्हणत्यात." कौतुक तिचं आणि हमाली माझी. माझा बोर्ड बघून तो नुसता 'हं' करायचा.

एकदा, फक्त एकदा, त्याच्या तोंडून माझ्या कामाला चांगलं म्हटलेलं मला ऐकायचं होतं. मी दुपारची झोप सोडली, अंगठ्याला घट्टे पाडून घेतले. धाकटी माहेरी मंद्रूपला गेली की मला हायसं वाटायचं. ती परतली की कानस हातात नकोशी व्हायची.

अशात मोडनिंबच्या एका रेडिओ दुकानदारानं नमुन्याचा बोर्ड मागितला. नवऱ्यानं आमच्या दोघींच्या बोर्डांचा ढीग चाळून एक उचलला. खाचेच्या कडेवरून नख फिरवलं, कुठं अडलं नाही.

"तिला सांग, पुण्यातबी असलं काम हुत न्हाय."

बोर्ड माझा होता. मी तोंड उघडणार, तोच धाकटी हळूच म्हणाली, "अक्का, त्यास्नी सांगा, त्यो बोर्ड तुमचा हाय."

म्हणजे हेही मीच पोचवायचं. माझे कान तापले. "माझा हाय म्हणती," मी कसंबसं म्हटलं.

नवऱ्यानं बोर्ड उलटून पाहिला, मग माझ्याकडं पाहिलं, आणि हसला.

"तिला सांग, मनबी लई मोठं हाय तिचं."

मी तिच्याकडं वळले आणि सांगितलं.