आत्याचा पाहुणा

माझ्या आत्याने आयुष्यात एकदाच काय ते कुणाचं ऐकलं, बाकी सगळा जन्म तिने अख्ख्या बीडला आपलं ऐकायला लावलं. बस स्टँडमागच्या दोन खोल्यांत तिचा शिवणक्लास होता. बाजारात तयार कपड्यांची चकचकीत दुकानं निघाली तेव्हा लोक म्हणू लागले, "आता कोण शिवून घेतंय?" आत्याने त्याच आठवड्यात दारावरची पाटी दुप्पट मोठी करून घेतली. "रेडीमेड ब्लाउज घालून जरा श्वास घेऊन दाखवा म्हणावं," ती म्हणाली आणि विषय संपला.

क्लासातली कात्री जड, लोखंडी, बहुधा निजामाच्या काळातली. जाड कापड कापताना अंगठ्याला हमखास फोड यायचा. एकदा एका नव्या मुलीने दुखरा अंगठा पुढे केला. आत्या चष्मा वर सरकवून उद्गारली, "फोड!" त्या आज्ञाधारक पोरीने सुई उचलली आणि तिथल्या तिथे फोडला. अंगठा पिकला, तिची आई भांडायला आली, तर आत्याच तिच्यावर उलटली. "मी नाव सांगितलं, काम न्हाई सांगितलं!" पण त्या दिवसापासून क्लासात तो शब्द बंद झाला. फोडाला 'पाहुणा' म्हणायचं.

मग पाहुण्याचं शास्त्रच तयार झालं. तो येऊ नये म्हणून कात्रीच्या कडीला मऊ सुती चिंधी गुंडाळायची आणि बोट लाल होऊन चुरचुरलं की हात थांबवायचा. आलाच, तर साबणाने धुऊन, कोरडं करून वर स्वच्छ पट्टी सैल बांधायची. "पाहुण्याला टोचायचं न्हाई. आला तसा जातो." आपोआप फुटला तरी वरची कातडी सोलायची नाही. "ती त्याची चादर हाय. निजलेल्याची चादर ओढतं का कुणी?" एक बाई फोडावर टूथपेस्ट फासून आली, तेव्हा आत्याने शांतपणे विचारलं, "कावून गं, पाहुण्याला दात हायेत का?" मी तिची सख्खी भाची आणि क्लासातली सर्वांत ढ विद्यार्थिनी. माझ्याकडे पाहुण्यांची रीघ असायची. तिच्या स्वतःच्या अंगठ्यावर मात्र चिंचोक्यासारखा टणक घट्टा होता. तो टेबलावर ठोकून ती वर्ग गप्प करायची.

एका आजारपणातून ती उठली आणि पुण्याचा मुलगा तिला न्यायला आला. "आई, आता आराम कर. क्लास बंद." अंगात त्राण नव्हतं, म्हणून तेवढं एकदा तिने ऐकलं. खोल्यांना कुलूप लागलं. मी एसटीडी बूथवरून फोन करायची. "लई चांगलं हाय," ती म्हणायची, "सून पाण्याचा पेला बी उचलू देत न्हाई." आणि एकदा म्हणाली, "इथं मीच पाहुणी हाय गं."

पुढच्या महिन्यात ती एकटीच एसटीने परत आली. पाठोपाठ त्याच बूथवर मुलाचा संतापलेला फोन. "सांगून आले," आत्या रिसीव्हरमध्ये म्हणाली, "विचारून न्हाई आले."

संध्याकाळी मी गेले तर दार सताड उघडं. टेबलावर खाकी कापड, अर्धं कापलेलं. आत्याने अंगठा माझ्यासमोर धरला. घट्टा पार गेला होता आणि त्या जागी नवशिक्या पोरीला येतो तसा टपोरा फोड.

"पाहुणा आलाय," ती म्हणाली. इतकं खूश मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

"चिंधी गुंडाळायची होतीस ना?" मी दटावलं.

"मला कोण शिकवतंय! बांध पट्टी, सैल बांध. आन् उद्या पोरींना बोलव. म्हणावं, पाहुणी गेली, मालकीण आली."

मी पट्टी बांधत होते. तो अंगठा माझ्या अंगठ्याइतका मऊ झाला होता, आणि मला ते मुळीच आवडलं नव्हतं. गाठ मारून झाली तरी तो हात माझ्याने सोडवेना.