अर्जनवीसाचा मुलगा

वैजनाथ राजूरकर कोर्टात कायम दुसऱ्या रांगेत बसायचा. पहिल्या रांगेत काळा कोट आणि पांढरे बँड लावून उभे राहायचे ते कंपनीने नेमलेले वकील. त्यांच्या मागे साध्या शर्टात, मांडीवर फाइल घेऊन हा. मध्येच पुढे झुकायचा, वकिलांच्या कानाशी काहीतरी पुटपुटायचा आणि वकील तेच मोठ्या आवाजात न्यायाधीशांना सांगायचे. नवख्या माणसाला वाटायचं, कंपनीचा कारकून असेल. मला हसू यायचं. खटल्यातला शब्द न् शब्द याचा असायचा, तोंड तेवढं भाड्याचं.

पगारी नोकरीत शिरलेल्या वकिलाला सनद बाजूला ठेवावी लागते. मग त्याला कोर्टात उभं राहून बोलता येत नाही. आम्ही दोघं संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात एकाच वकिलांकडे उमेदवारी करत होतो, जिन्याखालच्या खोलीत, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना. चितेगावच्या एका कारखान्यातून वैजनाथला नोकरी चालून आली आणि तो सनद जमा करायला निघाला, तेव्हा मी त्याला म्हणालो होतो, "अरे, जीभ कापून देतोयस."

"डोकं तर ठेवतोय ना, मोती," तो म्हणाला.

मी कामगारांच्या बाजूने वकिली करत राहिलो. त्यामुळे पुढचा सगळा जन्म आम्ही एकमेकांच्या समोर काढला. मैत्री होती. कोर्टात भांडायचो आणि कँटीनमध्ये एकाच्या कपातला अर्धा चहा दुसऱ्याच्या बशीत जायचा. पण त्याच्याबद्दल गोड लिहायला मला कुणी सांगू नये. ते काम करणारे पुष्कळ आहेत आणि त्यांनी ते केलंही आहे.

आधी त्याच्या वडिलांबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. अण्णा राजूरकर वैजापूरच्या तहसील कचेरीबाहेर बसणारे अर्जनवीस. जमिनीच्या वाटणीचा अर्ज असो, वारसाची नोंद असो, नाहीतर भावाविरुद्धची तक्रार असो, लोक अण्णांपुढे उकिडवे बसायचे आणि सगळं ओकायचे. स्वतःच्या चुका, चोऱ्या, बायकोशी झालेलं भांडण, सगळं. अण्णा मधूनमधून फक्त "पुढं?" म्हणायचे. त्यातलं जे लिहायचं ते लिहायचे, बाकीचं पोटात ठेवायचे. दोन्ही भाऊ एकाच दिवशी एकमेकांविरुद्धचे अर्ज घेऊन आले, तरी एकाचा शब्द दुसऱ्याला कळायचा नाही. तालुक्यात म्हणच होती की राजूरकरांच्या घरात गेलेली गोष्ट विहिरीत पडली.

वैजनाथ चितेगावच्या कारखान्यात 'कायदा अधिकारी' झाला ही बातमी वैजापूरकडे पोचली, तशी तिकडची कामगार पोरं त्याच्या घरी येऊ लागली. आपल्या अण्णांचा मुलगा आत बसलाय, आता कसली फिकीर. वैजनाथ कंपनीचा वकील आहे, म्हणजे आपल्या समोरच्या बाजूचा आहे, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात कधी शिरलीच नाही. आणि वैजनाथने ती कधी शिरवलीही नाही. त्याची बायको अंबिका चहा करायची, आलेला माणूस बोलायचा आणि वैजनाथ बापासारखंच "पुढं?" म्हणायचा.

सुरुवातीला त्याची खोली कँटीनशेजारी होती. भज्यांचा वास यायचा. काम काय, तर तारखांना हजर राहायचं, नोटिशींना उत्तरं द्यायची, साहेब विसरला तर आठवण करायची. मग हळूहळू काळ फिरला. परदेशी गिऱ्हाइकं आली, त्यांचे विटेएवढे जाडजूड करार आले. एकदा एका परदेशी कंपनीने माल परत पाठवून भरपाई मागितली. मुंबईचे मोठे वकील तडजोड करा म्हणत होते. वैजनाथने कराराच्या पुरवणीतलं एक कलम शोधून काढलं आणि ते प्रकरण समोरच्याच्या अंगावर उलटवलं. तसं झालं नसतं तर कारखान्याला टाळं लागलं असतं, हे मी त्याचा विरोधक असून सांगतो. त्यानंतर त्याची खोली वरच्या मजल्यावर गेली. हाताखाली तरणी वकील मंडळी आली. संचालकांच्या बैठकीत त्याची खुर्ची मांडली जाऊ लागली आणि त्याने वाचल्याशिवाय मालक सही करेनासा झाला. पूर्वी कंपनी आधी चूक करायची आणि मग वैजनाथला बोलवायची. आता आधी वैजनाथला विचारायची आणि मगच काय करायचं ते करायची.

रामकिसनचं प्रकरण याच भरभराटीच्या काळातलं.

रामकिसन वैजापूर तालुक्यातला, प्रेस शॉपमध्ये मशीनवर. पत्रा ठोकून आकार देणारी ती प्रेस. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली तरच ती खाली यायची, म्हणजे हात मध्ये राहायचा प्रश्नच नाही. तरीही एके दिवशी ती खाली आली आणि रामकिसनच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली. तो दवाखान्यातून बाहेर येतो न येतो तोच कंपनीने त्याला बडतर्फ केलं. आरोप असा, की त्याने मशीनशी छेडछाड केली. पुरावा काही नव्हता, नुसता संशय.

तो माझ्याकडे आला. मी विचारलं, "खरं काय झालं ते सांग. वैद्यापाशी आणि वकिलापाशी काही लपवू नये."

"मशीन आपोआप खाली आली, वकीलसाहेब," तो म्हणाला. "मी काय बी केलं नाय."

मी तेच लिहिलं. कामगार न्यायालयात दावा दाखल केला. कंपनीकडे पुरावा नाही आणि माझ्याकडे बोटं नसलेला हात आहे, असा माझा हिशेब. नोकरी परत मिळणार याची मला खात्री होती. रामकिसनला त्याहून जास्त होती. तसल्या हाताला बाहेर कुणी काम देणार नव्हतं, म्हणून त्याला तीच नोकरी हवी होती.

साक्षीचा दिवस आला. रामकिसन पिंजऱ्यात उभा राहिला. कंपनीच्या वकिलांनी इकडचे तिकडचे प्रश्न विचारले. मग मागून वैजनाथ पुढे झुकला, काहीतरी पुटपुटला. वकिलांनी चष्मा सारखा केला.

"रामकिसन, ती पाचर कशाची होती?"

मला काही कळेना. कसली पाचर? माझ्या कागदांत पाचर नव्हती, कंपनीच्या कागदांतही नव्हती. मी आक्षेप घ्यायला उठलो, पण त्याआधी रामकिसनने वैजनाथकडे पाहिलं. वैजनाथने मान हलवली, सावकाश, घरी हलवत असेल तशी. रामकिसनचा चेहरा एकदम मोकळा झाला.

"बाभळीची," तो म्हणाला. "गावाकडून आणली व्हती."

"एक बटण कायम दाबलेलं राहावं म्हणून ती तुम्हीच ठोकली?"

"व्हय."

"म्हणजे दुसरा हात मोकळा राहतो आणि काम भराभर होतं?"

"व्हय."

"आणि अपघात झाला तेव्हा पाचर जागेवर होती?"

"व्हय साहेब, व्हती."

वकील बसले. पुढचा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. तो मी विचारला, फेरतपासणीत, घाम पुसत. पाचर ठोकायला कुणी सांगितलं? सुपरवायझरनं, रामकिसन म्हणाला. सगळ्याच मशीनींवर होत्या. माझी बोटं गेली तशा सुपरवायझरनं सगळ्या उपटून फेकल्या. पण आता त्याला काय अर्थ? दाव्यात मी लिहिलं होतं की मशीन आपोआप खाली आली. न्यायाधीशांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. जो माणूस शपथेवर दोन गोष्टी सांगतो, त्याची तिसरी कोण ऐकतो?

बाहेर आल्यावर रामकिसनने सगळं सांगितलं. हुरड्याच्या दिवसांत तो हुरडा घेऊन वैजनाथच्या घरी गेला होता. तिथं त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत खरं सांगितलं होतं, पाचरीचं आणि सुपरवायझरचंही. मला का नाही सांगितलं, असं मी विचारलं. तो जरा लाजला. "तुम्ही फीवालं वकील. तुमच्याजवळ जिंकायचं तेवढंच बोलायचं असतं. साहेब अण्णांचं पोर."

मी वैजनाथला कँटीनमध्ये गाठलं.

"त्याने तुझ्या घरी बसून सांगितलं होतं," मी म्हणालो.

"तुझा पक्षकार तुझ्याशी खोटं बोलला आणि माझ्याशी खरं," तो शांतपणे म्हणाला. "राग कुणावर काढायचा ते तू ठरव."

"तो कंपनीच्या वकिलाशी नाही बोलला. अण्णांच्या मुलाशी बोलला."

"मी वकील कुठं आहे? सनद जमा केली तेव्हाच वकिली संपली. मी नोकर आहे, मोती. कंपनीच्या कामाचं काही कळलं आणि ते कंपनीला सांगितलं नाही, तर मी खाल्ल्या मिठाला जागलो नाही असं होईल."

"मग सुपरवायझरचं का नाही सांगितलंस?"

"सांगितलं," तो म्हणाला. "कोर्टात नाही. मालकाला."

आणि ते खरं होतं. सुपरवायझरची गुपचूप बदली झाली, गुजरातेतल्या दुसऱ्या कारखान्यात, वरच्या जागेवर. म्हणजे रामकिसनच्या सांगण्यावर वैजनाथचा पुरता विश्वास होता. त्याने त्या गोष्टीचे दोन तुकडे केले. एक कोर्टात नेला, एक मालकाच्या खोलीत, आणि रामकिसनच्या हाती काहीच ठेवलं नाही.

एक गोष्ट मात्र मी लपवणार नाही. त्यानंतर वैजनाथने मालकाच्या मागे लागून सगळ्या जुन्या प्रेस बदलायला लावल्या. नव्या मशीनींची बटणं अशी, की एक अडकवून ठेवलं तर मशीन चालूच होत नाही. त्यासाठी तो संचालकांशी भांडला, नियमावली लिहिली, स्वतः खाली शॉपमध्ये जाऊन उभा राहिला. त्या दिवसापासून तिथं एकाही माणसाचं बोट गेलेलं नाही. किती हात वाचले असतील कोण जाणे. रामकिसन बोलला नसता तर हे झालं नसतं, आणि हे फक्त वैजनाथला, मला आणि अंबिकेला माहीत होतं.

दावा फेटाळला गेला. मी हायकोर्टात जायची तयारी केली. तिथं सुपरवायझरचा मुद्दा नव्याने मांडायचा प्रयत्न करता आला असता. अवघड होतं, पण दार पुरतं बंद झालं नव्हतं. कागद तयार करून मी रामकिसनला सहीला बोलावलं. तो आला, पण बसला नाही.

"वकीलसाहेब, वर नाय जायचं. राजूरकर साहेबांना इचारून आलो. ते म्हणले, त्यात काय राहिलं नाय, उगं हेलपाटं."

"अरे, त्यांनीच तर तुला बुडवलं. पाचरीचं कोर्टात कुणी नेलं?"

"मीच सांगितलं की. साहेबांनी मान हलवली, म्हणलं खरं बोल म्हणतायत. तुमच्या कागदात खोटं व्हतं म्हणून हरलो."

"ते खोटं तूच मला सांगितलं होतंस."

"व्हय," तो म्हणाला. "ती माझी चूक. पण साहेबांना बोल लावू नका. अण्णांच्या घरातली गोष्ट बाहेर जात नाय."

मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला, पुन्हा पुन्हा तेच सांगितलं. त्याचा चेहरा बंद होत गेला. शेवटी तो म्हणाला की तुम्ही दोघं वकील, तुमचं आपसात काय असंल ते असू द्या, आणि निघून गेला. आता तो गावाकडे दुसऱ्याच्या गोठ्यात दूध काढतो, डाव्या हाताने.

यंदा वैजनाथला मुंबईत पुरस्कार मिळाला. कंपन्यांच्या विधी प्रमुखांना देतात तो. मानपत्रात लिहिलं होतं, कारखाना अपघातमुक्त करणारा कायदेतज्ज्ञ. इथल्या उद्योजकांनीही संभाजीनगरात सत्कार ठेवला. मला बोलावणं होतं, गेलो. अंबिका माझ्या शेजारी बसली होती. वैजनाथ छान बोलला. म्हणाला, आमच्या पिढीने या कामाचं रूप बदललं. पूर्वी आम्ही खटले लढायचो, मग खटले जिंकायला शिकलो, आणि आता खटला उभाच राहू देत नाही. आजचा वकील कंपनीची सदसद्विवेकबुद्धी आहे, असंही म्हणाला. टाळ्या पडल्या. पुरस्कार घ्यायचा तर हा वकील, आणि बोल लागला की नोकर. मी टाळ्या वाजवल्या नाहीत.

मग सूत्रसंचालकाने जाहीर केलं की वैजापूर तालुक्यातर्फे एक जुने कामगार सत्कार करतील. रामकिसन मंचावर चढला. धुवट धोतर, हातात टॉवेल-टोपी. वैजनाथने त्याला पाहिलं आणि क्षणभर त्याचं हसू जागच्या जागी थांबलं. रामकिसनच्या बाबतीत एवढं एकच मी त्याच्या बाजूने सांगू शकतो. मग त्याने मान वाकवली. रामकिसनने टोपी घातली. टॉवेल अंगठा आणि करंगळीत धरून खांद्यावर टाकायला गेला, तो निसटला. वैजनाथने तो वरच्यावर झेलला, स्वतःच खांद्यावर घेतला आणि फोटोसाठी रामकिसनचा डावा हात हातात धरला.

"तुम्ही रामकिसनला सांगितलं नाही का?" अंबिकेने खालच्या आवाजात मला विचारलं.

"सांगितलं. पटलं नाही."

"हुरडा अजून येतो दरवर्षी," ती म्हणाली. "मी खात नाही."

कार्यक्रम संपल्यावर रामकिसन गर्दीतून वाट काढत माझ्याजवळ आला. जुनं सगळं विसरल्यासारखा हसत होता. डोळे भरून आले होते.

"बघितलं का वकीलसाहेब," तो म्हणाला, "किती मोठं झालं आपलं माणूस."

मंचावर वैजनाथ अजून टोपी घालून उभा होता आणि आमच्याकडेच बघत होता.

"व्हय," मी म्हणालो.