लाल रुमाल

होडीला चोपडायच्या माशाच्या तेलाचा वास आला की गोराईची ती फळी आठवते. साठ-पासष्ट सालात मोडक्या होडीच्या त्या फळीवर उभा राहून मी लाटेबरोबर किनाऱ्याला यायचो. नजर अधू, पण कबूल कोण करतो? थोरला भाऊ म्हणायचा, "चष्मा घे रे, आंधळ्या." मी म्हणायचो, "लाटा काय वाचायच्या आहेत?" मग तो वाळूत बांबू रोवून त्याला आपला लाल रुमाल बांधायचा, लाल दिसेल तिकडे मी यायचं. एकदा वारा चढला, तसा तोच रुमाल डोक्याला गुंडाळून तो मला बोलवायला पाण्यात शिरला. मी लाल बघून फळी सरळ त्याच्यावर घातली. त्याचा गुडघा कायमचा गेला, होडीवर मासेमारीला जाणं सुटलं. घरी म्हणाला, "खडकावर पडलो." चष्मा घेतला तो भाऊ गेल्यावर, आणि त्यातून पहिलं वाचलं ते त्याच्या क्रुसावरचं नाव.