यादीतलं चौथं नाव

या सदरातले अनुभव मी आजवर करमणूक म्हणून वाचत आलो. वाचून झालं की बायकोला म्हणायचो, "यानं नीट मोजलं असतं तर कारण सापडलं असतं." बावीस वर्षं मी घरोघरी जाऊन विजेच्या मीटरचं रीडिंग घ्यायचं काम केलं. समोर दिसतो तो आकडा लिहायचा, अंदाजे काही टाकायचं नाही, एवढंच मला येतं. हेही तसंच लिहितोय. जे मोजलं ते मोजलं म्हणून, जे कळलं नाही ते कळलं नाही म्हणून.

गेल्या वर्षीची गोष्ट, वार गुरुवार. मी वडवणीत घरी होतो. माझी मुलगी प्रतिभा आदल्या दिवशी बीडच्या एका दवाखान्यात बाळंत झाली होती. बाळ छान होतं, पण तिचा रक्तस्राव थांबत नव्हता. सकाळी ११ वाजून २० मिनिटांनी जावयाचा, विकासचा, फोन आला.

"मामा, दोन पिशव्या रक्त पाहिजे म्हणतेत. एकच मिळाली. ओ निगेटिव्ह बीडमधी कुठंच न्हाई. बाहेरून मागवलं तर सांज होईल."

"किती वाजेपर्यंत पाहिजे?"

"चारला आत घेणार हायेत. त्याच्या पुढं थांबता येणार न्हाई म्हणले डॉक्टर."

रक्त काढून तपासायला तासभर धरला, तर देणारा माणूस तीनच्या आत बीडमध्ये हवा. म्हणजे हातात तीन तास चाळीस मिनिटं. ओ निगेटिव्हला दुसरं कुठलंच रक्त चालत नाही, आणि आमच्या सगळ्या घरात हे रक्त तिचं एकटीचंच.

मला सलीमभाई आठवले.

सलीमभाई म्हणजे आमच्या गावचे रेडिओ, मिक्सर, कॉम्प्युटर दुरुस्त करणारे. घराची पुढची खोली हेच दुकान. त्यांना एक नाद होता. गावोगावच्या रक्तगट तपासणी शिबिरात जाऊन बसायचे आणि कोणाचं रक्त काय, नंबर काय, शेवटचं कधी दिलं, सगळं आपल्या जुन्या डेस्कटॉपवर उतरवून ठेवायचे. जिल्ह्यात कोणालाही रक्त लागलं की फोन त्यांना. यादीची दुसरी प्रत मात्र नव्हती. एकदा कोणीतरी ती छापून वाटली आणि लोक देणाऱ्यांना ऊठसूट त्रास द्यायला लागले, तेव्हापासून ती फक्त त्या एका मशीनमध्ये. त्या गुरुवारच्या चौदा महिने आधी सलीमभाई एसटीतून घरी येताना छातीत कळ येऊन वाटेतच गेले.

११.३५ ला मी त्यांच्या घरी पोचलो. त्यांच्या पत्नी शमीमभाभी धुणं वाळत घालत होत्या. मी सांगितलं तसं त्यांनी हातातला पिळा बादलीत टाकला आणि आधी खोलीचं कुलूप काढलं. कॉम्प्युटरवर फुलाफुलांची चादर टाकलेली होती.

"भाऊ, हे गेल्यापासून कोणी बटन दाबलेलं न्हाई याचं. चालू होईल का?"

"बघू."

झालं नाही. बटण दाबलं की आतला पंखा फिरायचा, मग एक लांब बीप, तीन सेकंद शांत, परत लांब बीप. असा आवाज होत राहायचा. पडदा काळाच.

गावात दुसरा एक दुरुस्तीवाला आहे, तो परगावी लग्नाला गेलेला. मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, वीज तेवढी कळते. सलीमभाईंचाच मल्टिमीटर टेबलावर होता. भिंतीतल्या बोर्डाला २२८ व्होल्ट. आतून येणाऱ्या वायरींवर एकीकडे ११.९, दुसरीकडे ५. म्हणजे पुरवठा ठीक. सगळ्या वायरी काढून परत खोचल्या. धूळ झटकली. प्रत्येक वेळी बटण दाबलं की मी वेळ कागदावर टिपत होतो. ही सवयच. १२.५० पर्यंत अकरा वेळा दाबून झालं होतं आणि अकराही वेळा तोच लांब बीप.

भाभी दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "हे काय करायचे माहितीये का... ती हिरवी पट्टी काढून खोडरबरानं घासायचे."

ती हिरवी पट्टी म्हणजे रॅम, कॉम्प्युटरच्या मेमरीची पट्टी; हे नाव मला नंतर कळलं. वीतभर लांब नसेल, कडेला सोनेरी दात. डब्याच्या आतल्या बोर्डावर दोन खाचा होत्या, पट्टी एकातच होती. मी पेचकसानं कडेचे चाप सोडवून ती काढली आणि खोडरबरानं घासत होतो, तेवढ्यात फोन वाजला. १२.५५.

"मामा, बीपी खाली चाललाय तिचा. मामी लई रडतेत. काही जमतंय का तुमचं? नसंल तर सांगा मला, म्हणजे मी..."

मी म्हणालो, "जमतंय. ठेव फोन." हे मी खोटं बोललो. मोबाईल ठेवला, वळलो आणि बटण दाबलं.

बीप आला नाही.

पडदा उजळला. १२ वाजून ५८ मिनिटं. निळा रंग आला, मग मक्केचं चित्र, चित्रावर एकच फोल्डर. त्याचं नाव वाचून माझ्या अंगावर काटाच आला. 'खून'.

"उघडा ना भाऊ," भाभी म्हणाल्या. "खूनच हाय ते. खून म्हंजे रगत. एकदा एक पोलीस रेडिओ घेऊन आलता, त्यानं हे नाव वाचून यांची चौकशीच लावली. चहा पाजून काढला त्याला."

त्या हसल्या नाहीत, मीही नाही. फाईल उघडली. मी एका बोटानं टाईप करून 'निगेटिव्ह' शोधलं. शून्य. इंग्रजीतून शोधलं. शून्य. 'ओ'पुढे उणे लावून पाहिलं. शून्य. इतक्या लोकांत एकही निगेटिव्ह नाही, असं होणं शक्य नव्हतं.

भाभी एकदम म्हणाल्या, "अय्यो भाऊ, ते निगेटिव्ह लिहीतच नव्हते! निगेटिव्ह म्हणलं की माणूस घाबरायचा, माझं रगत खराब हाय का म्हणायचा. एका पोरीची तर सोयरीक मोडायला आलती. तेव्हापासून हे सगळ्यांना सांगायचे, तुमचं रक्त खास हाय. खास लिहा."

'ओ खास' लिहिलं. चार नावं आली.

चारही नंबर मी कागदावर उतरवून घेतले. चौथा नंबर पडद्याच्या अगदी खालच्या ओळीत होता, मला नीट दिसेना, तो भाभींनी वाचून दाखवला. नाव सोमनाथ, पाटोद्याकडचं एक गाव. मी शेवटचा आकडा लिहिला आणि पडदा गेला. पंखाही थांबला. १ वाजून ६ मिनिटं. परत बटण दाबायला मला वेळ नव्हता.

पहिला नंबर बंद. दुसरा माणूस पुण्याला कामाला गेलेला. तिसऱ्याला दोन महिन्यांमागे कावीळ झालेली. चौथा फोन बराच वेळ वाजला. मग वाऱ्याचा आवाज आणि मेंढरांचा.

"कोन बोलतंय?"

"वडवणीहून बोलतोय. सलीमभाईंच्या यादीत तुमचं नाव आहे. माझी मुलगी बीडला... तिला ओ निगेटिव्ह..."

"मंग मला कावून फोन केला?"

"म्हणजे खास. ओ खास."

"हां! मी खास हाय. कुटं यायचं?"

"बीडला. तीनच्या आत."

"मेंढरं हायेत वो मागं... थांबा. सुमनेऽ! ए सुमने, इकडं बघ जरा यांच्याकडं! आलो पाव्हणं. गाडीत पेट्रोल हाय."

मी जीपनं २.२५ ला दवाखान्यात पोचलो. सोमनाथ २.४० ला आला. तिशीतला उंच गडी, पायात मातीनं भरलेल्या चपला. खुर्चीत बसल्यावर मला हळूच म्हणाला, "सुई लई मोठी असती का वो?" मी म्हणालो, नाही. तो सुईकडं न बघता छताकडं बघत राहिला.

त्याचा फॉर्म भरायला मी नंबर लिहिलेला तो कागद काढायला गेलो. शर्टाच्या खिशात हात घातला, तर कागदाबरोबर हाताला काहीतरी टोचलं. बाहेर काढलं.

हिरवी पट्टी.

मी ती घासत होतो, विकासचा फोन आला, मी ती खिशात टाकली आणि परत लावलीच नाही. ज्या आठ मिनिटांत यादी उघडली, तेवढा सगळा वेळ ती माझ्या खिशात होती. तेव्हा मला याचा अर्थ नीट कळला नव्हता. चार वाजता प्रतिभाला आत नेलं आणि पावणेसहाला डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, थांबलंय. त्या पावणेदोन तासांत मी पट्टीचा विचारही केला नाही.

आठव्या दिवशी तिला घरी सोडलं. त्यानंतर मी भाभींना विचारून तो कॉम्प्युटरचा डबा बीडला एका कॉम्प्युटरवाल्याकडं नेला. वाटलं होतं, आत दुसरी एखादी पट्टी असेल, मला दिसली नसेल. त्यानं झाकण उघडलं. दोन्ही खाचा रिकाम्या.

"काका, रॅमशिवाय हे चालूच होत न्हाई. लांब बीप देतं, तीच त्याची खूण. आन तुमी ती लावली असती तरी चाललं नसतं. हे बघा, बोर्डावरचे चार कपॅसिटर फुगून फुटलेत. लई दिवसांचे हायेत हे."

"आठ दिवसांपूर्वी चाललं. आठ मिनिटं."

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि विषय बदलला. "डेटा पाहिजे का? डिस्क काढून दुसऱ्याला लावून देतो." असं करता येतं हे मला त्या गुरुवारी माहीत नव्हतं.

त्यानं डिस्क लावली. फाईल उघडली, तीच. एकूण नावं ४११. मी 'ओ खास' शोधलं.

तीन आली.

परत शोधलं. तीन. सोमनाथ म्हणून शोधलं, त्याच्या नंबरानं शोधलं, गावाच्या नावानं शोधलं. मग वरपासून खालपर्यंत ४११ ओळी बोट ठेवून वाचल्या, त्याला सव्वा तास लागला. तो माणूस यादीत नव्हता. माझ्या कागदावर मात्र माझ्याच अक्षरात चार नंबर होते. भाभींना फोन करून विचारलं, तर त्या म्हणाल्या, "चारच होते भाऊ. शेवटचा मीच वाचला की."

तिथूनच मी सोमनाथला फोन लावला. आधी मुलीचं सांगितलं, मग विचारलं, सलीमभाईंनी तुझं नाव कधी लिहून घेतलं?

"कुटं लिवलं? पाटोद्याच्या शिबिरात भेटले तवा त्यांचे कागद संपलेले. माझा नंबर तळहातावर लिवला पेनानं. म्हनले, घरी जाऊन कॉम्प्युटरवर चढवतो, तू चौथा ओ खास हायेस म्हून. मंग एसटीला पळाले. दुसऱ्या दिवशी कळालं, ते घरी पोचलेच न्हाईत म्हून."

मी कागदावरचा चौथा नंबर परत वाचला. तोच म्हणाला, "मंग तुमाला नंबर कुनी दिला वो?"

आता यादी माझ्याकडं आहे, नव्या मशीनवर. फोनही मलाच येतात. मी माझ्या परीनं सगळं तपासलं. भ्रम म्हणावा तर दोघांना एकच कसा झाला, आणि भ्रमातून दहा आकडी नंबर बरोबर कसा निघाला, याचं उत्तर मला देता आलेलं नाही. कोणाला देता येत असेल तर जरूर लिहा, मी मोकळ्या मनानं वाचेन.

सोमनाथचं नाव मी स्वतः चढवलं, ४१२ वं. नाव, गाव, नंबर, 'ओ खास', शेवटचं रक्त कधी दिलं, सगळं भरलं. फक्त 'नोंद कधी केली' या रकान्यापाशी अर्धा तास बसून राहिलो. आजची तारीख टाकली तर ती खरी नाही, नाव त्याआधीच पडद्यावर दिसलं होतं. त्या गुरुवारची टाकावी तर ती नोंद मी केलेली नाही. शिबिराच्या दिवसाची टाकावी तर सलीमभाई त्या दिवशी घरी पोचले नव्हते.

बावीस वर्षांत मी एकही रकाना मोकळा सोडला नव्हता. तो तेवढा तसाच ठेवला आहे.