हाय का न्हाई, आजच सांगा

सुभेदार मोहिते आमच्या तंत्रनिकेतनातल्या रोजगार मेळाव्याला आले की आधी मांडलेलं टेबल उचलून भिंतीला लावत आणि स्वतः त्याच्यापुढे उभे राहत. साताऱ्यातल्या या कॉलेजात मुलांच्या नोकऱ्यांचं काम मी बघते. बाकीच्या कंपन्यांचे साहेब टेबलामागे बसून मोबाइल चाळायचे आणि मुलं पुढे ताटकळायची. सुभेदारांना ते बघवत नसे. "बसून भरती केली की रेशन वाटल्यागत हुतंय, मॅडम," ते म्हणायचे.

ते कुंडलचे. फौजेतून निवृत्त होऊन पलूसकडच्या एका पंपाचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कामगार भरतीचं बघायला लागले होते. मेळाव्याला येताना आदल्या वर्षी घेतलेला एखादा मुलगा किंवा मुलगी सोबत आणत आणि मुलांना सांगत, "मला इचारू नका, मी गोडच सांगणार. हिला इचारा, जेवण कसलं हाय आन् रात्रपाळीला गाडी येती का." स्वभावाने गरीब वगैरे अजिबात नव्हते. पोक काढून उभ्या राहिलेल्या मुलाला सगळ्यांदेखत झापत. एकदा च्युइंगम चघळणाऱ्याला त्यांनी रांगेतून बाहेर काढलं तेव्हा आमची चांगलीच जुंपली होती.

पण जागा किती हे मालकाकडून पक्कं झाल्याशिवाय ते कारखान्यातून निघत नसत, आणि उत्तर त्याच दिवशी देत. नकारही तोंडावर. "फौजेच्या भरतीत पोरगं पळालं की मैदानातच कळतं, बसलं का न्हाई. रडून घेतं, दुसऱ्या तयारीला लागतं. 'कळवतो' म्हणलं की घरी जाऊन फोनकडं बघत बसतं."

म्हसवडकडची सविता दुसऱ्या वर्षाला असताना त्यांच्या टेबलाजवळ आली. घरी मेंढरं, डिप्लोमापर्यंत पोचलेली ती पहिलीच. नमुन्याला ठेवलेला पंपाचा भाग तिने कुणी न सांगता उचलला आणि कॅलिपर लावून मोजला. सुभेदार खूश झाले. "डिप्लोमा पुरा कर. पुढल्या साली तुला घेतो. थांब माझ्यासाठी."

पुढच्या साली थोरले मालक अंथरुणाला खिळलेले होते आणि कारभार धाकट्याकडे गेला होता. धाकटे मालक स्वतः आले. फुगे, भलामोठा फ्लेक्स, सेल्फी काढायला चौकट. सकाळीच शिरवळच्या एका कंपनीने सविताला बोलावलं, काम देऊ केलं. ती नाही म्हणाली, कारण सुभेदारांनी तिला शब्द दिला होता. दुपारी सुभेदारांनी विचारलं, यंदा जागा किती. जागांचं गाडीत सांगतो, असं म्हणून धाकट्याने त्यांना कारखान्यातून आणलं होतं आणि गाडीतही टाळलं होतं. आता तो हसून म्हणाला, "भरती नाहीच यंदा. कॉलेजात नाव व्हायला पाहिजे म्हणून आलोय. बायोडाटा घ्या, कळवतो म्हणा."

मी शेजारीच उभी होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आणि आजही आठवलं की होतो. मुलं पहाटेच्या एसटीने येतात, मैत्रिणीचे बूट मागून घालतात, तोंडातल्या तोंडात इंग्रजी घोकतात, आणि हे लोक नाव करायला येतात. एवढी हौस असेल तर चौकात मंडप घाला आणि नाचा.

सुभेदारांनी सरळ व्यासपीठावरचा माइक घेतला. "आमच्या कंपनीत जागा न्हाई. आमच्याकडं कुणी थांबू नका, दुसऱ्या टेबलाकडं जावा." मग सविताला घेऊन ते शिरवळवाल्यांकडे गेले. त्यांच्या जागा भरल्या होत्या. मुलाच्या वयाच्या त्या अधिकाऱ्यापुढे या तापट माणसाने हात जोडले. उपयोग झाला नाही.

"असू दे, सर," सविता म्हणाली.

"असू कसं दे? मी थांब म्हणलो म्हणून तू थांबलीस."

दुसऱ्या दिवशी त्यांनी धाकट्याच्या केबिनमध्ये जाऊन तिच्यासाठी एक जागा मागितली. तो म्हणाला, "बघतो, कळवतो." हे सुभेदारांना, ज्यांनी त्याचा अर्धा कारखाना माणसांनी भरला त्यांना. त्यांनी गळ्यातला गेटपास काढून टेबलावर ठेवला. "माझी जागा आत्ता रिकामी झाली. आता एक जागा हाय. त्या पोरीला कुठंबी बसवा." आणि कुंडलला उसात निघून गेले.

ती जागा भरली गेली नाही. मी फोन केला की 'प्रोसेस चालू आहे' एवढंच ऐकू यायचं. सविता कितीतरी दिवस घरी बसली आणि मग तिने स्वतःच कराडच्या एका वर्कशॉपमध्ये काम शोधलं. मी सुभेदारांना कळवलं. ते म्हणाले, "तिनं तिचं बघितलं. त्येंनी भरली का न्हाई, त्ये सांगा." त्यानंतर प्रत्येक फोनला, हॅलोच्याही आधी, तेच विचारायचे.

या हिवाळ्यात ते गेले. महिनाभराने धाकट्या मालकांचा फोन आला. आवाजात दुःख वगैरे आणून म्हणाले, "मॅडम, यंदाच्या मेळाव्यात सुभेदारांच्या आठवणीत मोठा स्टॉल लावतोय. फोटोला हार घालू. प्राचार्यांशी बोललोय मी."

मी विचारलं, "जागा किती आहेत?"

"त्याचं नंतर बघू, कळवतो."

"मग येऊ नका," मी म्हणाले आणि फोन ठेवला. तासाभरात प्राचार्यांचं बोलावणं आलं, तिकडे निघाले.